क्लॅरीनं खोल केलेला डोह

नोएलीन समुद्रकाठची. लग्न होऊन या गुरांच्या फार्मवर आली तेव्हा नवऱ्यानं, क्लॅरीनं, तिला सांगितलं होतं, दोन वर्षं काढू, मग तुझ्या गावाला जाऊन राहू. क्लॅरीचा शब्द म्हणजे आमच्याकडचा पाऊस, आला तर आला. आधी सासरा अंथरुणाला खिळला, मग दुष्काळ पडला, मग मुलांच्या शाळा सुरू झाल्या, आणि चाळीस वर्षं बाई इथेच अडकली. तशी ती कुढणारी नव्हे. रविवारी मटणाचे चॉप्स भाजता भाजता मला, शेजारणीला, म्हणायची, "मेल्यावर तरी मला किनाऱ्यावर नेऊन पुरा गं." मी हसायची, पण मनातून क्लॅरीचा संताप यायचा.

या उन्हाळ्यात मात्र तो खरंच फार्म विकायला तयार झाला. शहरातलं एक जोडपं फार्म बघून गेलं. त्यांना सगळ्यांत आवडला तो ओढ्यातला डोह, आमच्याकडच्या ऐन डिसेंबरच्या उन्हाळ्यातही न आटणारा. पोहायला जरा उथळ आहे, एवढंच त्यातली बाई म्हणाली. इकडे नोएलीनच्या बहिणीनं किनाऱ्यावर घर बघायलाही सुरुवात केली.

झालं. क्लॅरीच्या अंगात आलं. डोह खोल केला की सौदा पक्का, म्हणून तो माझं छोटं पोकलेन मागून घेऊन गेला. शेजाऱ्याला यंत्र नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. गोटे काढ आणि थांब, असं मी बजावलं, तर म्हणाला, "या ओढ्यात मी रांगायला शिकलो, बाई. तू मला सांगू नकोस."

गोटे निघाले, खाली सपाट कातळ लागला, आणि पठ्ठ्यानं पोकलेनला दगडफोड्या ब्रेकर लावून तोही फोडला. संध्याकाळी छातीभर पाणी झालं. नोएलीन कपड्यांनिशी आत उतरली आणि कितीतरी वेळ उताणी तरंगत राहिली. तिला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

सकाळी डोहात नुसता चिखल होता. फुटलेल्या कातळाच्या भेगांतून पाणी रातोरात खाली गेलं होतं. चिकणमाती ओतली, सिमेंट ओतलं, पाणी काही ठरेना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! ते जोडपं पुन्हा आलं, चहा प्यालं, फार गोड बोललं आणि गेलं ते गेलंच. उन्हाळ्यात पाणी नसलेला फार्म आमच्याकडे फुकटही कोणी घेत नाही.

त्या दिवशी मी पोकलेन परत न्यायला गेले होते. क्लॅरी व्हरांड्याच्या पायरीवर टोपी हातात धरून बसला होता. रडत होता.

"नोली, तुझ्यासाठीच केलं गं मी."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तेच तर नडलं. मुद्दाम केलं असतंस ना, तर आज तुला सोडून गेले असते."

मग तिनं त्याला जेवायला वाढलं.