जरा वर

माझ्या नणंदबाई लग्नाच्या भानगडीत कधी पडल्या नाहीत. व्हायोलिन शिकवण्यातच त्यांचा जन्म गेला. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा वर्ग, आणि वर्ग चालू असला की मला स्वयंपाकघरात भांडं आपटायचीसुद्धा चोरी. कान इतका तिखट, की वर्गाच्या दाराची बिजागरी कुरकुरली तरी तिचा सूर सांगायच्या. "अगदी चोख पंचम आहे. तेल घालशील तर खबरदार!" असा मला दमच होता. वर्षानुवर्षं ते दार बोंबलत राहिलं.

एकेकट्याला शिकवण्यात वन्संना फारशी गोडी नव्हती. चार पोरं समोरासमोर बसवायची, दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा एक व्हायोला, गुडघ्यांत उभा धरायचा एक चेलो, की त्यांचा चेहरा खुलायचा. सुरुवात एक-दोन-तीन मोजून करायची नाही. पहिल्या व्हायोलिननं श्वास घेतला की चौघांनी घ्यायचा आणि तारांवर गज टेकवायचे. कुणी वन्संकडे बघितलं की त्या खेकसायच्या, "माझ्या तोंडाकडे काय बघता? एकमेकांचं ऐका!"

यंदाच्या चौकडीइतकी चांगली पोरं त्यांना आजवर मिळाली नव्हती. पहिलं व्हायोलिन चिमणीकडे, चेलो लंबूकडे. स्पर्धेत जी चौकडी पहिली येईल तिला थेट संगीत विद्यालयात प्रवेश होता. चिमणीला तिथे पोचवायचं, हा एकच ध्यास वन्संनी घेतला होता.

थंडीत काहीतरी बिनसलं. चिमणी वरच्या सुरांत गेली की वन्सं म्हणायच्या, "जरा वर." पोरगी बोट सरकवायची. "अजून जरा वर. कान काय गहाण टाकलेस?" पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. लंबू दात आवळून जमिनीकडे बघत बसायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरीची कीव यायची. त्याच सुमारास एकदा दार ढकलताना वन्सं थबकल्या.

"अगं, ह्याचा पंचम उतरलाय का?"

"दारंसुद्धा म्हातारी होतात, वन्सं," म्हणत मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग एका आठवड्यात चिमणी अचानक सुधारली. 'जरा वर' बंद झालं. वन्सं खूष, आणि घरात आम्हीही सुटलो.

स्पर्धेला मी त्यांच्या शेजारी बसले होते. चौघांनी श्वास घेतला, गज टेकले. थोड्या वेळानं वन्संनी माझं मनगट घट्ट पकडलं. "उतरलीय. वरचा प्रत्येक सूर उतरलाय. घात केला पोरीनं." पण समोर परीक्षक मान डोलवत होते, आणि लंबू चक्क हसत वाजवत होता. वन्सं त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच डाव्या कानावर तळहात दाबला. थोडा वेळ ऐकलं. हात काढला. पुन्हा दाबला, आणि वादन संपेपर्यंत तसाच ठेवला.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिला नंबर आमचाच. चिमणी ढाल घेऊन आली, पण मान वर करेना.

"कधी कळलं तुम्हाला?" वन्संनी विचारलं.

"थंडीतच, बाई."

"आणि वर्गात वाजवायचीस ते?"

"ते तुमच्यासाठी. चढवून." पोरगी रडायला लागली. "खरं आम्ही लंबूच्या घरी बसवलं. तुम्हाला सांगायचं कुणी?"

वन्संनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एकमेकांचं ऐकलंत ना? झालं तर मग." एवढंच म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी मान हलवली. सूर उतरवून ऐकणारा तो डावा कान आता सुधारणार नव्हता, आणि दुसराही त्याच वाटेवर होता.

नव्या पोरांचे आईबाप चौकशीला येऊन गेले. वन्संनी सगळ्यांना दुसऱ्या शिक्षकाचा पत्ता दिला. शेवटचे आले ते एका मुलीचे वडील. ते गेले, मागे दार कुरकुरलं. वन्संनी मान तिरकी करून ऐकलं. मग स्वयंपाकघरात माझ्याकडे आल्या.

"तेलाची बाटली कुठंय?"

"कशाला, वन्सं?"

"त्या बिजागरीला घाल," त्या म्हणाल्या. "आणि नीट घाल. आवाज राहता कामा नये."