माझी मशीन उघडत नाही

शूटिंगच्या धंद्यात किस्से का साचतात, सांगू? कॉम्प्युटर लग्नाची फिल्म शिजवायला, म्हणजे जोडलेले तुकडे एकजीव करायला लागला की माणसाच्या हाताला काम राहत नाही. पडद्यावर निळी पट्टी सरकत राहते आणि आपण समोरच्या हॉटेलात चहा घेत बसतो. ज्याची पट्टी हळू, त्याच्याकडे किस्से जास्त. या न्यायाने अख्ख्या जवळा बाजार गावात माझ्याएवढे किस्से कोणाकडेच नाहीत. रस्त्यापलीकडच्या रफिककडे तर एकही नाही. लेकाला बसायला वेळच मिळत नाही!

* * *

मी नांदेडहून नवी मशीन आणली तेव्हा बघायला बाजार लोटला होता. सगळा कॉम्प्युटर पडद्याच्या पाठीतच. डबा नाही, वायरींचा गुंता नाही. मागून पाहिली तरी देखणी.

रफिकही आला. त्याचा स्टुडिओ माझ्या बरोबर समोर. त्याच्याकडे जुना काळा डबा, बाजूचं झाकण कायमचं काढलेलं. त्याने माझ्या मशीनला एक प्रदक्षिणा घातली.

“आप्पा, ही उघडती कुठून?”

“उघडायचं कामच न्हाई!”

“उद्या आत एखादं कार्ड टाकायचं म्हटलं तर?”

“टाकायला हा काय पानाचा डबा हाय?”

सगळे हसले. रफिकही हसला. तो दिवस माझा होता.

* * *

पुढच्या सीझनला सगळ्यांना फोर-के शूटिंग पाहिजे झालं. ड्रोन पाहिजे, स्लो मोशन पाहिजे. एवढं ओझं उचलायला कॉम्प्युटरमध्ये तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं. रफिक नांदेडला गेला आणि टॉवेलात गुंडाळून एक कार्ड घेऊन आला. स्वतःच स्क्रू पिळले, जुनं काढलं, नवं बसवलं. डबा तोच, पण आता चहा निवायच्या आत त्याची फिल्म तयार!

वर त्या कार्डाचे पंखे गरम वारा फेकायचे. डबा टेबलाखाली, त्यामुळे थंडीत त्याचं गिऱ्हाईक टेबलाखाली पाय घालून शेकत बसायचं. माझंही गिऱ्हाईक तिकडेच. मी एकाला विचारलं, “काहून रे, अल्बम माझ्याकडं अन् बसायला तिकडं?”

“आप्पा, तुमच्या मशीनपाशी पाय गारठून राहिले!”

* * *

पुसेगावच्या एका नवरीचे वडील फिल्मसाठी चकरा मारून मारून थकले. दर वेळी मी पट्टी दाखवायचो, ते पट्टीकडे बघायचे आणि परत जायचे. एक दिवस ते पेढे घेऊन आले. मी खूश झालो. म्हटलं, रागावले नाहीत.

“पेढे कशाचे?”

“लेक बाळंतीण झाली. आता असं करा आप्पा, बारशाचं शूटिंग बी त्याच्यातच जोडून द्या!”

मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. समोर रफिककडून गिऱ्हाईक फिल्म घेऊन हसत निघालं होतं.

* * *

शेवटी मशीन कापडात गुंडाळून मी नांदेडच्या दुकानात गेलो. म्हटलं, रफिकसारखं कार्ड टाकून द्या.

“काका, यात कार्ड बदलत नाही. सगळं आतच डकवलेलं असतं. वेग पाहिजे तर नवी मशीन घ्या.”

“पडदा चांगला हाय, बाकी सगळं चांगलं हाय. एक बैल थकला तर आमी गाडी बी विकत न्हाई!”

दुकानदार शांतपणे म्हणाला, “काका, ह्यात बैल अन् गाडी एकच आहे.”

* * *

एकदा रफिकच्या उघड्या डब्यात पाल शिरली. फट्ट आवाज झाला, धूर निघाला, कार्ड जळालं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, चहा ठेव.

चहा घेऊन परत येतो तर रफिकचं काम सुरू! त्याने जुनं कार्ड सांभाळून ठेवलं होतं, तेच परत खोचलं होतं. आठवड्यात नवं आलं, पहिल्यापेक्षा तगडं. मी पालीवर चिडलो.

बायको म्हणाली, “त्याची बंद पडली म्हणून तुमची पळाया लागती का?”

* * *

तरी हॉटेलात मी माझी बाजू सोडली नाही. तिथे शाळेतले एक मास्तर रोज वाद पेटवायचे. कॉम्प्युटर बंदच असावा की गिऱ्हाइकाला उघडता यावा?

“बंदच पाहिजे!” मी म्हणायचो. “बनवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. उघडा ठेवला की पाली शिरतात.”

रफिक म्हणायचा, “आप्पा, पाल शिरती हे खरं. पण पाल शिरली तर काढता बी येती.”

लोक हसले. मला ते सहन झालं नाही. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, “माझ्या भाचीचं लग्न हाय. दुसऱ्या दिवशी सासरी पूजेला अख्खी फिल्म पडद्यावर दाखवतो. माझ्याच मशीनवर!”

बहिणीने हे ऐकलं आणि व्याह्यांना कळवून टाकलं.

* * *

लग्नात मी मामा. नवरीच्या मागे उभं राहायचं, म्हणून शूटिंग रफिकला दिलं. त्याने ते असं देखणं केलं की जोडताना माझ्याच पोटात दुखलं. जोडणी झाली, नुसतं शिजायचं राहिलं. पूजेच्या दिवशी पट्टी अर्ध्यावर आली आणि थिजली. मशीनला हात जोडले, तरी हलेना. भाचीच्या सासरी पहिल्याच दिवशी तोंडघशी पडायची वेळ. बायकोने मला न विचारता रस्ता ओलांडला.

रफिकने माझी जोडणी आपल्या डब्यात उतरवून घेतली आणि डबा, माझी मशीन ऑटोत घालून आमच्याबरोबर साखऱ्याला, भाचीच्या सासरी आला. मांडवात मोठा पडदा लावलेला, पुढे टेबल मांडलेलं. माझी मशीन त्याने स्वतः वर ठेवली, वायर कुठेच न जोडता. आपला डबा खाली सरकवला, मोठ्या पडद्याची वायर त्याला जोडली आणि टेबलावरची चादर जमिनीपर्यंत ओढली.

“रफिक, हे काय?”

“लेकराच्या सासरी मामाची मान खाली नको, आप्पा.”

त्या एका वाक्याने मी जेवढा जळलो, तेवढा त्याच्या कार्डावरही जळलो नव्हतो. कार्ड निदान नांदेडला मिळतं!

आरती संपायच्या आत फिल्म तयार. भाची पडद्यावर हसली, सासू रडली, मांडव खूश. नवऱ्या मुलाचे वडील उठून माझ्या मशीनपाशी आले, तिच्या पाठीवर हात ठेवला.

“एवढं काम केलं अन् गरम बी न्हाई झाली! मामा, तुमच्या जावयाला सेनगावात फ्लेक्सचं दुकान टाकून देऊन राहिलो. ह्यालाच मशीन घेतो, अशीच. तुमी म्हणाल ती. बराबर?”

जावई माझ्याकडे बघत होता. भाची बघत होती. रफिक मात्र चादरीकडे बघत होता.

मी खुर्ची पुढे ओढली.

“बसा पाव्हणं,” मी म्हणालो, “अन् जरा टेबलाखाली पाय घालून बघा.”