मुका झालेला सुळा

शिवणकाम करणाऱ्या थोरलीचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गिऱ्हाइकाचं कापड ती त्याच्या तोंडावर दोनदा मोजायची आणि कात्री कमरेला बांधूनच जेवायला बसायची. धागा तोडायला मात्र तिला कात्री लागत नसे. उजव्या सुळ्याखाली धरला की कट्कन तुटायचा.

समोर बसून धाकटी जाऊ काज-बटणं करायची. धाकटी म्हणजे एकाला दोन ऐकवणारी. पण ‘तू आपली गिऱ्हाइकं फोडून दुसऱ्या दुकानात पाठवतेस’ असा आळ थोरलीने घेतला, तेव्हापासून ती गप्प झाली होती. बरी खोड मोडली, म्हणून थोरली खुशीत होती.

मग सुळा ठणकायला लागला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला.

"आत जंतू शिरलेत. त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्यात. दुसरीकडे कुठे असं झालं तर जागा सुजते, फुगते. दाताला फुगायला जागाच नाही हो. त्या दाटीत आतला जिवंत गरच गुदमरतो. लवकर या."

"वरून तर चांगला धडधाकट दिसतोय," थोरली म्हणाली. चांगल्या दाताला भोक पाडून पोट भरणारी ही बाई तिने पुरती ओळखली होती.

आणि झालंही तसंच. ठणका आपोआप थांबला. बाईंचं पितळ उघडं पाडायला थोरली मुद्दाम वाट वाकडी करून गेली. बाईंनी कापसाचा गारढोण बोळा शेजारच्या दाताला लावला, तशी ती खुर्चीतून उडालीच. मग सुळ्याला लावला. काहीच नाही.

"तो बरा नाही झाला. आतून मेलाय, म्हणून गप्प आहे."

बोळा बदलला असणार! थोरलीने घरी येऊन स्वतःच्या हाताने बर्फ लावला. शेजारच्या दाताने ब्रह्मांड आठवलं. सुळा ढिम्म. पुन्हा लावला, तरी ढिम्म.

समोर धाकटी खाली मान घालून काज करत होती. तिच्याकडे बघता बघता थोरलीने हातातला बर्फ खाली ठेवला.

"हे काय काज म्हणायचं? डोळे फुटले का गं तुझे?" ती मुद्दाम खेकसली. काज सुरेख होतं. एक टोमणा तरी मार गं बाई, असं मनात म्हणत ती वाट बघत राहिली.

"उसवते, ताई," धाकटी म्हणाली, आणि तिने ते चांगलं काज उसवायला घेतलं.