सोनबाची धाप

चाकणच्या मागं, कंपन्यांच्या पत्र्यांआड आमची वाडी अजून आहे. तिथला सोनबा कंपनीच्या फाटकाशी राखणीला असतो, निळ्या गणवेशात, खुर्चीवर. आज जिथं त्याची खुर्ची आहे, तिथं पूर्वी त्याचा नांगर चालायचा. नांगर गेला, नांगरकऱ्याची भूक मात्र राहिली. तीच थोरली भाकरी, तीच खारातली मिरची, वर चिमूटभर मीठ. आणि दिवसभर बसणं.

जिना चढला की त्याची छाती आवळायची. "पित्त हाय," म्हणायचा आणि सोडा प्यायचा. बायकोनं, शालनबाईनं, दवाखान्याचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायचा. भीती एकच. डॉक्टरनं घरी बस म्हटलं, तर यात्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पाखऱ्याला जुंपणार कोण? पाखऱ्या हा त्याचा शर्यतीचा बैल. जमीन गेली तरी दावण त्यानं मोकळी होऊ दिली नव्हती.

यात्रा तोंडावर आली. एका संध्याकाळी पाखऱ्याला माळावर फिरवून आणलं आणि सवयीनं सोनबानं त्याच्या कुशीवर तळवा ठेवला. आमच्याकडं बैलाचा दम असाच जोखतात. सोनबाचा चेहरा उतरला.

"याची धाप बसंना. यंदा घाट न्हाई. डॉक्टरला बोलवू."

"अवं, वर्षभर खुराक घातलाय. पळंल की!"

"पळंल गं. ही जात मरेस्तोवर पळती. थांबवायचं आपुन असतं."

शालनबाईनं हातातली पाटी खाली ठेवली. आणि भर अंगणात, कधी नव्हे ते, नवऱ्याच्या छातीवर तळवा टेकवला.

"आन् ह्याला कुणी थांबवायचं?"

"लोक बगत्यात, शालन."

"बगू द्या. हितली बी धाप बसंना."

सोनबानं तो हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्याला जनावरांचा डॉक्टर बघून गेला, आणि सोनबा बायकोच्या मागोमाग दवाखान्यात गेला. हृदयाची एक नळी तुंबत आली होती. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले, आणि नळी मोकळी केली.

यात्रेदिवशी घाटातली हलगी वाडीपर्यंत ऐकू येत होती. शालनबाईनं दावणीत मिठाचा खडा टाकला.

"त्याला खडा, आन् मला आळणी पिठलं व्हय गं?"

"त्यो हिंडतो. तुमी बसता."

सोनबा हसला. कासरा हातात घेऊन म्हणाला, "चल गड्या." हलगीकडं पाठ करून दोघं माळाला लागले, हळूहळू, एकमेकांचा दम बघत.