डब्यातला वड

परळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चाळ आहे. तिथे पायरीजवळ एक बाई रोज सकाळी पत्र्याच्या डब्यातल्या वडाला पाणी घालते. आधी पानांवरची धूळ पदरानं पुसते, मग तांब्या हळूच कलता करते. कामावर जाताना मी बघते. नाव कधी विचारलं नाही.

वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी आणायची, पुजायची आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची, ही आमची रीत. यंदा फांदी आणायला निघाले, तर तिनं हाक मारली.

"तोडलेली कशाला आणतेस? इथेच ये."

मी वडाकडे पाहिलं.

"ही पण बाजारातलीच. पुजली आणि त्याच महिन्यात हे गेले. सुकलेल्या तुळशीच्या डब्यात रागानं खुपसली आणि दार लावून बसले. एकदा बाहेर आले, तर हिला पालवी. मग पाणी कोण घालणार? उठावंच लागलं."

चाळीतल्या बायका सूत घेऊन आल्या. अशा वेळी विधवा बाई आत जाऊन बसते. ती गेली नाही. तिनं डबा चौकात ओढला आणि कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली.

आमचं सूत वडाबरोबर तिच्याभोवतीही गुंडाळत गेलं.