नईम मुलाणीचं चौथं प्रकरण

नईम मुलाणी गणितात पीएच.डी. करतोय, हे त्याचे वडील बादशहा सांगलीच्या फरशी कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगायचे.

त्याचा विषय असा. एकाच नक्षीच्या फरश्यांचं, कुठंच न संपणारं अंगण समजा. नक्षीतले उंचवटे चुकवत चालावं लागतं. पण कितीही लांब गेलं, तरी नुसती दिशा आणि सरळ अंतर यांवरून काढलेला अंदाज आणि खरं चालावं लागणारं अंतर यांतला फरक एका मर्यादेतच राहतो. कारण आधी पूर्वेला गेलं काय नि आधी उत्तरेला गेलं काय, पोचतो तिथंच. म्हणून वाटेचे तुकडे मागंपुढं करून जोडता येतात. हे आधीच सिद्ध झालेलं होतं. क्रम बदलला की मुक्कामच बदलतो, अशा जागांसाठीही नईमनं तसंच काही मांडलं. ते त्याचं चौथं प्रकरण.

पंच्याण्णव साली तोंडी परीक्षेला आठवडा उरला असताना त्याला चूक सापडली. तिथंही त्यानं तुकडे मागंपुढं केले होते. आपलं म्हणणं कुठं मोडतं त्याचं उदाहरण घेऊन तो गाइडकडं गेला.

"परीक्षकांचे अहवाल चांगले आलेत," सर म्हणाले. "गप्प बस. इथली हंगामी नोकरी कायम होईल."

नईमनं परीक्षकांसमोर स्वतःच चूक सांगितली. प्रबंध परत आला. कायमची जागा दुसऱ्याला गेली.

"तुला कुनी इचारलं हुतं का?" बादशहांनी विचारलं.

"न्हाई, अब्बा."

"मग तोंड कशाला उघाडलंस?"

पलूसच्या ज्युनिअर कॉलेजात नईम तासांवर शिकवू लागला.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्याबरोबर संशोधन केलेल्या विनोदिनीनं त्याला एक छापील लेख आणून दिला. नईमचंच उदाहरण, खाली फक्त सरांचं नाव. त्यानं तो ओळ न् ओळ तपासला. एकही चूक नव्हती.

"तक्रार कर," विनोदिनी म्हणाली.

"पुरावा काय देऊ? परीक्षकांना मी नुसती चूक सांगितली. उदाहरण फक्त सरांच्या खोलीत फळ्यावर लिहिलं होतं. त्यांनीच पुसलं."

त्यानं सरांना पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

पूर्वी वर्गातल्या एखाद्या मुलीनं शंका विचारली, तर सांगलीची शेवटची एसटी चुकेपर्यंत तो समजावत बसायचा. त्या वर्षापासून म्हणू लागला, "परीक्षेत येत नाही ते. पुढं चला."