हरणीचा मुराळी

साहेब लोक खेड्यात येतात, थट्टा करतात आणि जीपची धूळ उडवत निघून जातात. थट्टा मागे राहते, आणि ती कुणाला तरी निस्तरावी लागते. आमच्या घरी ती आत्याने निस्तरली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती माहेरीच राहिली. आमचं गाव बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. कालव्याच्या अलीकडे ऊस, पलीकडे मुरमाड माळ आणि माळावर हरणांचे कळप. एका उन्हाळ्यात गावकुत्र्यांनी तिथे एक हरणी फाडली. तिचं पाडस आत्याने पदरात गुंडाळून घरी आणलं. त्याचा डावा कानही कुत्र्यांनी अर्धा तोडला होता. कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजून तिने ते जगवलं. पाडसाची हरणी झाली. ती आत्याच्या मागे विहिरीपर्यंत जायची, चुलीपाशी बसायची, आत्याच्या तळहातावरचं खडेमीठ चाटायची. मीठ संपलं तरी तळहात चाटत राहायची.

मग एका वर्षी दिवाळी सरल्यावर जीप आली. मी तेव्हा चळवळीची पत्रकं घेऊन लोणी भापकर ते पळसदेव पायपीट करत होतो, त्यामुळे घरी नव्हतो. हे सगळं मला नंतर कळलं. कुठल्याशा खात्याचे एक साहेब होते. त्यांनी अंगणात हरणी बघितली आणि म्हणाले, मुंबईच्या प्राण्यांच्या बागेला अशी मादी हवीच आहे. आत्या म्हणाली, देत न्हाय. गावातली वजनदार मंडळी भोवती उभी होती. साहेब त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बाई, लेक सासरी दिली असं समजा. दिवाळीला मूळ धाडा, आम्ही माहेरपणाला पाठवून देऊ."

मंडळी हसली. आत्या हसली नाही, कारण तिला तो दिलेला शब्द वाटला. आमच्याकडे चार माणसांत मूळ पाठवायचं ठरलं की ठरलं. दिवाळीला लेकीला आणायला जो भाऊ किंवा भाचा जातो, त्याला आम्ही मुराळी म्हणतो. मुराळी दारात आला आणि सासरच्यांनी लेक धाडली नाही, तर तालुकाभर त्यांची छी-थू होते. एवढ्या मोठ्या साहेबाने हे चारचौघांत सांगितलं, तेव्हा आत्याने हरणीला हळदकुंकू लावलं, जीपमध्ये बसवली आणि मान फिरवली.

पुढच्या वर्षी पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या आणि गावातली काही मंडळी द्वारकेला निघाली. परतीला बोटीने मुंबई, त्याच बोटीने पुढे रत्नागिरी आणि तिथून कोल्हापूरची अंबाबाई करून दिवाळीच्या आत घर, असा बेत होता. मुंबईला बोट माल उतरवायला दिवसभर थांबणार, हे ऐकल्याबरोबर आत्याने यात्रेत नाव घातलं. मलाही घातलं. "तू मुराळी," ती म्हणाली, "दुसरा भाचा कुठनं आणू?"

तिच्या गाठोड्यात अंबाडीचं नवं, मऊ दावं होतं. द्वारकेच्या देवळातसुद्धा तिने ते काखेतून सोडलं नाही. आमच्या यात्रेचे म्होरके एक आबा होते. ते बोटीवर तिची खेचायचे.

"आक्का, बोटवाला हरणीला चढू दील व्हय?"

"शेरडं चढत्यात, कोंबड्या चढत्यात, तुमी चढलाय. तिनंच काय केलंय?"

मुंबईला बोट सकाळी लागली. आबांनी बजावलं, "दिवेलागणीला बोट सुटंल. कुणासाठी थांबायची न्हाय." धक्क्याबाहेर आम्ही ट्राम धरली. आत्याने दावं मांडीवर ठेवलं. ते बघून कंडक्टर म्हणाला, "मावशी, दोरी कशाला? ट्राम ओढायला?"

"बंद पडली तर लागंल की," आत्या म्हणाली. आख्खी ट्राम हसली. बाग आली तेव्हा त्या कंडक्टरने तिचा हात धरून तिला खाली उतरवलं. त्या शहरात दिवसभरात तिच्याशी माणसासारखा वागलेला तो पहिला माणूस.

बागेत वाघापुढे गर्दी, माकडांपुढे त्याहून जास्त. हरणांच्या जाळीपुढे कोणी नव्हतं. आत डबक्यासारखी ओल होती आणि वाळलेली कडबाकुट्टी पडली होती. चारपाच हरणं भिंतीला टेकून उभी होती. आत्याने जाळीला तोंड लावलं आणि घरी हाक मारायची तशी मारली, "ये गं बाई, ये ये ये!"

एक हरणी वळली. तिला डावा कान अर्धाच होता. बरगड्या मोजाव्यात इतक्या दिसत होत्या आणि मागचा पाय ती टेकत नव्हती. लंगडत जाळीपाशी आली आणि आत्याचा रिकामा तळहात चाटायला लागली.

जाळीवर पाटी होती. आत्याला वाचता येत नाही. तिने विचारलं, मी वाचून दाखवलं: मादी हरीण, भेट देणारे अमुक अमुक. अमुकच्या जागी त्या जीपवाल्या साहेबांचं नाव, पदवीसकट.

"म्हंजी," आत्या हळू म्हणाली, "कन्यादान त्येनं केलं?"

ज्या बाईने रात्ररात्र मांडीवर घेऊन जनावर जगवलं तिचं नाव नाही, गावाचं नाही, तालुक्याचं नाही. जीपची चावी फिरवणारा दाता! या देशात पाट्या कुणाच्या नावाने लागतात ते एकदा बारामतीच्या चौकात उभं राहून ओरडून सांगावं असं मला वाटलं.

बागेच्या कचेरीत एक साहेब बसले होते. हे वेगळे, पण खुर्ची तशीच. आत्याने दावं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "मूळ आलंय. दिवाळी करून भाऊबिजेनंतर आणून सोडतो."

साहेबांना आधी कळलंच नाही. मी समजावून सांगितलं. मग ते खुर्ची मागे टाकून हसले. त्यांनी कारकुनाला बोलावून पुन्हा मला सांगायला लावलं. कारकूनही हसला.

"अहो, तो विनोद केला असेल त्यांनी."

"चार माणसांत बोललं न्हवं," आत्या म्हणाली.

"ती आता सरकारी आहे, बाई. तुम्हाला बघायची असेल तर केव्हाही या. तिकीट काढून."

मी उठलो. टेबलावर हात आपटून विचारलं की सरकारने दिलेला शब्द विनोद असतो, तर आमच्याकडून घेतलेला अंगठा विनोद का नसतो? पायाला काय झालंय तिच्या? कुणी बघितलं? दाराशी माणसं जमली. त्यात दोघे-तिघे घाटावरचे गिरणीकामगार होते. एक म्हणाला, "बोला दादा, बोला!" मला चेव आला. पाटी उपटून फेकायचं मी तिथेच जाहीर केलं.

आत्याने माझा दंड धरला. विळ्याने काम करणाऱ्या बाईची ती पकड होती.

"गप बस. लेकीच्या दारात भांडू नगं."

"आत्या, ह्यांनी तिला..."

"आपण जाणार बोटीवर. मागं तिलाच सोसावं लागंल. तुला कळत न्हाय का?"

मग तिने त्या खुर्चीतल्या माणसाला हात जोडले. माझ्या देखत! मी सभांमधून लोकांना ताठ उभं राहायला शिकवतो, आणि माझी आत्या वाकून म्हणाली, "पोर हूड हाय. त्याचं मनावर घेऊ नगा. तेवढं पायाचं बघा." साहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची ते त्यांनाच ठाऊक.

जाळीपाशी हरणांना चारा घालणारा शिपाई होता. आत्याने गाठोडं सोडून द्वारकेचा प्रसाद, सुपारी आणि नवं दावं त्याच्या हाती दिलं. लेकीच्या सासऱ्याला द्यावं तसं, खाली बघून. "दादा, तिला खडेमीठ लागतंय. दांडगाई करत न्हाय ती."

शिपाई गोंधळला. "देईन की, आई," म्हणाला. दाव्याचं काय करायचं ते त्याला समजलं नसावं.

मला संताप काढायला जागा नव्हती. परत येताना ट्राममध्ये मी मनातल्या मनात पत्रक रचलं. मथळा, मग तीन प्रश्न, मग दोन्ही साहेबांची नावं ठळक टायपात. आत्या खिडकीबाहेर बघत होती. बोटीवर चढताना आबांनी विचारलं, "आक्का, लेक?"

"धाडली न्हाय त्येंनी," ती म्हणाली. आबांनी पुन्हा थट्टा केली नाही.

घरी आल्यावर आळीतल्या बाया जमल्या. आत्याने सांगितलं, खुशाल हाय, अंगानं भरलीय, जागा मोठी हाय, संगट चार जणी हायेत. मी तोंड उघडलं, तशी तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाणी प्यायला आत गेलो.

तरी पत्रक मी लिहिलंच. छापायला बारामतीला नेण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"खरं हाय समदं," ती म्हणाली. "पर साहेबाचं नाव घालू नगं."

"का? तोच तर मुद्दा आहे."

"वाचून त्यो चिडला, तर राग कुणावर काढंल? तुझ्यावर? तू हितं. ती तितं."

असलं सांगणं मी कुणाचं ऐकत नाही, पण तिचं ऐकलं. म्हणून वर जे लिहिलंय त्यात कुणाचंच नाव नाही. ज्याचं आहे त्याने ओळखावं, आणि माणूस असेल तर एकदा त्या जाळीपाशी जाऊन हरणीचा पाय बघून यावा.